दगडफुलाचा पत्ता

गोडा मसाला घरी करणाऱ्या प्रत्येक घरात दगडफूल ओळखीचे असते. वजनाला अगदी हलके, वरून राखाडी, खालून काळे, हातात घेतले तर वाळलेल्या पापुद्र्यासारखे. कच्चे असताना त्याला फारसा वास नसतो. तेलात परतले की मात्र मसाल्याला तो खास खमंगपणा येतो. किराणा दुकानात दगडफूल एका नावाने मागितले जाते आणि एका नावानेच मिळते. प्रत्यक्षात ते फूल नाही. बाजारात येणारे बरेचसे दगडावरचेही नाही, ते हिमालयातल्या, विशेषतः उत्तराखंडातल्या झाडांच्या सालीवरून काढलेले असते. आणि एका पुडीत एकच प्रकार असतो असेही नाही. दोन-तीन वेगवेगळ्या प्रजाती एकमेकींत मिसळून येतात, त्या वेगळ्या ओळखू येणे दुकानदारालाही शक्य नसते.

या सजीवाला शास्त्रज्ञ लायकेन म्हणतात, मराठी परिभाषेत शैवाक. जगात त्याच्या सुमारे २० हजार प्रजाती आहेत. भारतात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या यादीत २३०३ होत्या, २०१८ च्या यादीत २७१४ झाल्या. आठ वर्षांत चारशेहून अधिक नावे वाढली. ती निसर्गात नव्याने आली नव्हती, कुणीतरी जाऊन खरवडली, वाळवली, तपासली आणि कागदाच्या पुडीत घालून ठेवली म्हणून वाढली. या पुड्या जिथे राहतात त्या जागेला हर्बेरियम म्हणतात, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह.

येवल्याहून मनमाडकडे निघाले की अनकाई-टंकाईची जोडगोळी दिसते. अनकाईचा उघडा काळा बेसाल्ट उन्हात तापलेला असतो, पावसाळा सोडला तर वर ओलावा म्हणून नसतो. अशा कातळावर राखाडी, काळपट, मधूनच नारिंगी चट्टे असतात. किल्ला चढणारे त्याला खडकाचाच रंग समजतात, कुणी पांढऱ्या डागाला पक्ष्यांची विष्ठा समजते. त्यातले बरेचसे शैवाक असतात. ‘दगडफूल’ हे नाव खरे तर त्यांना अधिक शोभते, पण ते मसाल्यात पडत नाहीत. ते खडकाला इतके चिकटलेले असतात की सुरीने निघत नाहीत.

शैवाक ही एक वनस्पती नाही, ते एक बिऱ्हाड आहे. बुरशी घर बांधते आणि त्या घरात हिरवी शैवले किंवा नीलहरित जिवाणू राहतात, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेन्डेनर यांनी १८६० च्या दशकात मांडले तेव्हा त्या काळच्या नामवंत शैवाकतज्ज्ञांनी त्यांना वेड्यात काढले. पुढे ते खरे ठरले. आणि २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी काही शैवाकांच्या सालीत यीस्टसारखी आणखी एक बुरशी सापडल्याचे दाखवले, म्हणजे बिऱ्हाडात तिसरा भाडेकरूही निघाला. वाढ मात्र फार सावकाश. खडकाला चिकटून राहणारे अनेक प्रकार वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत. तळहाताएवढा चट्टा दिसला तर तो बहुधा पाहणाऱ्यापेक्षा वयाने मोठा असतो.

आरोग्याशी याचा संबंध हवेतून येतो. शैवाकाला मुळे नसतात, पानांवर असते तशी मेणचट त्वचाही नसते. पाणी आणि क्षार ते सगळ्या अंगाने, हवेतून, धुक्यातून आणि धुळीतून शोषतात. हवेत सल्फर डायऑक्साइड असेल तर तोही शोषला जातो आणि आतली शैवले मरतात. शिसे, जस्त असे जड धातू असतील तर ते साठत जातात. विल्यम नायलँडर या फिनलंडच्या शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत तीसहून अधिक प्रजाती नोंदवल्या आणि शहराच्या इतर भागांत त्या नाहीत हे पाहून शैवाक म्हणजे हवेच्या शुद्धतेचे माप असल्याचे म्हटले. तीस वर्षांनी त्या बागेतून ते सगळे नाहीसे झाले होते. कोळशाचा धूर कमी झाल्यावर काही प्रजाती परतल्या, त्याची नोंद १९९१ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात आली. नायलँडर यांनी यादी केली नसती तर काय गेले आणि काय परतले हे कुणालाच सांगता आले नसते.

या सगळ्यातून एक सोपे वाक्य तयार झाले आणि ते शाळेच्या पुस्तकांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे फिरते: झाडावर दगडफूल दिसले म्हणजे हवा शुद्ध. हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि अर्धे खरे असलेले वाक्य आरोग्याच्या बाबतीत जास्त फसवते. काही शैवाक प्रदूषण अजिबात सोसत नाहीत, काही बऱ्यापैकी सोसतात, आणि काहींना शेणखताच्या आणि खतांच्या हवेतला अमोनिया, रस्त्याकडेची धूळ मानवते. १९७० मध्ये डेव्हिड हॉक्सवर्थ आणि फ्रान्सिस रोज यांनी इंग्लंड आणि वेल्ससाठी झाडांवरच्या शैवाकांवरून सल्फर डायऑक्साइडचा अंदाज करणारी शून्य ते दहा अशी मोजपट्टी दिली. तिच्यात ‘शैवाक आहे की नाही’ हा प्रश्नच नाही. ‘कोणता शैवाक आहे’ हा आहे.

भारताच्या मैदानी भागात आंब्याच्या आणि इतर झाडांच्या बुंध्यांवर सर्रास दिसणारा एक राखाडी-पांढरा शैवाक आहे, पायक्सीन कोकोस. तो शहराजवळची हवा बऱ्यापैकी सोसतो, म्हणूनच लखनौच्या संशोधकांनी रस्त्याकडेचे धातू मोजण्यासाठी त्याचा बराच वापर केला आहे. म्हणजे येवल्यातून जाणाऱ्या नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला, मालट्रकच्या धुरात उभ्या असलेल्या झाडावर हा शैवाक दिसला तर हवा चांगली असल्याचे प्रमाणपत्र मिळाले असे नाही. उलटही तितकेच खरे. येवला तालुका पर्जन्यछायेतला. इथल्या बाभळीवर काहीच दिसले नाही तर त्याचे कारण धूर असेल, कोरडेपणा असेल किंवा सोलून पडणारी साल असेल. महाबळेश्वरच्या धुक्यात वाढणाऱ्या लोंबत्या शैवाकांशी येवल्याची तुलना करणे म्हणजे देवराईतल्या झाडावरून शेताच्या बांधाची परीक्षा घेणे. येवल्याची तुलना येवल्याच्याच जुन्या नोंदींशी व्हायला हवी. त्यासाठी आधी नोंद हवी, आणि नोंदीला नाव हवे.

नाव देणे हीच मोठी पंचाईत आहे. पायक्सीनसारखाच दिसणारा, त्याच झाडावर शेजारीच वाढणारा डिरिनारिया नावाचा प्रकार आहे. दोघेही सालीला घट्ट बसलेले, दोघेही फिकट, दोघांनाही बाहेरच्या बाजूला पसरणाऱ्या चपट्या पाकळ्या. फोटोवरून त्यांच्यात घोळ होतो. अतिनील दिव्याखाली धरले की पायक्सीन कोकोसची वरची साल पिवळी चमकते, डिरिनारियाची तशी चमकत नाही. कारण पहिल्यात लायकेझॅन्थोन नावाचे रसायन असते. शैवाकांची ओळख अशी अर्धी डोळ्याने आणि अर्धी रसायनाने पटते, म्हणून नमुना हातात लागतो.

गोळा करण्याचे काम पाहायला साधे आहे. हातोडी, छिन्नी, धारदार सुरी, दहा पटीचे भिंग, पाण्याची फवारणी, जाड कागदाच्या पुड्या, पेन्सिल आणि वही. पावसाळा नुकताच संपलेला बरा, कारण ओला शैवाक लवचीक असतो आणि न तुटता सुटतो. उन्हाळ्यात तोच हात लावताच चुरा होतो, मग आधी पाणी फवारून दहा मिनिटे थांबावे लागते. पानासारखे प्रकार सुरीने सुटतात. सालीत रुतलेले प्रकार सालीच्या पातळ कपच्यासकट घ्यावे लागतात, पण झाडाच्या जिवंत थराला धक्का न लावता. खडकावरच्या प्रकारांसाठी खडकाची कड शोधून छिन्नीने पातळ कपची उडवायची. बेसाल्टवर हे काम घाम काढते. लेण्यांच्या, कोरीव दगडाच्या किंवा जुन्या तटबंदीच्या जवळपास छिन्नी चालत नाही, आणि वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय सुरीही चालत नाही. चट्टा छोटा असेल तर तो पूर्ण कधीच उचलायचा नाही.

प्लॅस्टिकची पिशवी वापरली की नमुना गेलाच. आतल्या ओलाव्यात दोन दिवसांत बुरशी धरते. हे ऐकायला गमतीचे वाटते, कारण शैवाक स्वतःच निम्मी बुरशी. पण घरातली बुरशी आणि बाहेरून आलेली बुरशी यांत फरक आहे.

सगळ्यात महत्त्वाचे काम मात्र हातोडीचे नाही, पेन्सिलीचे आहे. नमुना पुडीत जाण्याआधी पुडीवर लिहावे लागते: महाराष्ट्र, जिल्हा नाशिक, तालुका येवला, अनकाई किल्ला, कोणत्या दिशेचा उतार, उघडा खडक की सावलीतला, समुद्रसपाटीपासूनची उंची, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि त्याचा सलग क्रमांक. झाडावरचा असेल तर झाड कोणते, बुंध्याची कोणती बाजू, जमिनीपासून किती उंच. ही माहिती नसेल तर अत्यंत सुंदर नमुनासुद्धा कचऱ्यात जमा. जुन्या युरोपीय संग्रहांतल्या काही पुड्यांवर ठिकाण म्हणून फक्त ‘पूर्व इंडिया’ असे लिहिलेले सापडते. अशा नमुन्याचे नाव लावता येते, पण तो कुठून आला हे ठाऊक नसल्याने हवेबद्दल किंवा जंगलाबद्दल तो काहीच बोलत नाही. मसाल्याच्या पुडीतल्या दगडफुलाची गत नेमकी तीच आहे.

प्रयोगशाळेत पोचल्यावर नमुना सावलीत वाळवतात. तो फुलांसारखा दाबत नाहीत, कारण उंचसखलपणा हीसुद्धा ओळख असते. मग उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये काही दिवस, म्हणजे आतली किडे-अंडी मरतात. पूर्वी यासाठी पाऱ्याचे विषारी क्षार वापरत, म्हणून जुने संग्रह हाताळणारे आजही हातमोजे घालतात. त्यानंतर पोस्टकार्डाएवढी आम्लरहित कागदाची घडी, वर छापील लेबल, आणि रजिस्टरमध्ये नोंद.

ओळख पटवण्याच्या चाचण्या जवळपास घरगुती आहेत. नायलँडर यांनी १८६६ च्या सुमारासच त्या शोधल्या. शैवाकाच्या सालीवर कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकायचा, पिवळा किंवा लाल रंग येतो का पाहायचा. त्याला ‘के’ चाचणी म्हणतात. ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाचा थेंब म्हणजे ‘सी’ चाचणी. पुढे जपानच्या यासुहिको असाहिना यांनी तिसरी, ‘पी’ चाचणी आणली. तिच्यातले पॅराफेनिलिनडायअमाइन हे केसांच्या काळ्या रंगात वापरले जाणारे रसायन आहे. ते विषारी असल्याने ही चाचणी मात्र जपूनच करावी लागते. या तीन थेंबांनी निवाडा झाला नाही तर पातळ थर क्रोमॅटोग्राफी: ॲसिटोनमध्ये अर्क, सिलिकाच्या पत्र्यावर ठिपका, द्रावक वर चढू द्यायचा आणि कोणता ठिपका किती उंचीवर थांबला ते जुळवायचे. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू. त्यांचा आकार, रंग, आत पडदे किती. एका नमुन्याला कधी तास लागतो, कधी महिने.

महाराष्ट्रात हे काम पुण्यात रुजले. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. तिच्या संशोधन संस्थेलाच १९९२ पासून आघारकर यांचे नाव आहे. तिथल्या बुरशीसंग्रहाला कवकशास्त्रज्ञ अजरेकर यांचे नाव दिलेले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पी. जी. पटवर्धन यांनी इथे शैवाकांचा अभ्यास उभा केला आणि ऊर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे नेला. त्यांचे लक्ष पश्चिम घाटावर होते, आणि विशेषतः सालीत रुतलेल्या, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या बारीक प्रकारांवर. झाडाच्या सालीवर कुणी अस्पष्ट अक्षरे कोरल्यासारख्या काळ्या रेघा दिसतात, तो ग्राफिस कुळाचा शैवाक. या कुळातल्या अनेक नव्या प्रजातींची वर्णने पुण्यातून झाली. लखनौमध्ये धरणीधर अवस्थी यांनी १९६५ मध्येच भारत आणि शेजारी देशांच्या शैवाकांची सूची केली होती. राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचा तिथला संग्रह आज देशातल्या प्रमुख संग्रहांपैकी आहे.

पटवर्धनांनी १९८० च्या दशकात पश्चिम घाटातल्या दुर्मीळ शैवाकांवर लिहिले. घाट हा अभ्यासकांचा आवडता, आणि ते साहजिक आहे. तिथे धुके आहे, वैविध्य आहे, एका दिवसात शंभर पुड्या भरतात. अनकाईवर दिवसभर उन्हात फिरून पंधरा-वीस भरल्या तरी पुष्कळ. पण कोरड्या खडकावर टिकणाऱ्यांची तऱ्हाच वेगळी. पेल्टुलासारख्या काळसर, खवल्यांच्या प्रकारात हिरव्या शैवलांऐवजी नीलहरित जिवाणू असतात. महिनोन्महिने तो मेल्यासारखा पडून राहतो आणि पावसाची एक सर आली की काही मिनिटांत कामाला लागतो. तापलेल्या, दुष्काळी जमिनीत जीव कसा तग धरतो हे समजून घ्यायचे असेल तर हा घाटापेक्षा चांगला शिक्षक आहे.

संग्रहातला नमुना ज्या प्रश्नासाठी ठेवला त्याच प्रश्नाचे उत्तर देतो असे नाही, आणि इथेच लेबलाची खरी किंमत कळते. अमेरिकेत जेम्स लॉरी आणि मेसन हेल यांनी १९८१ मध्ये संग्रहातले जुने शैवाक काढले आणि त्यांतले शिसे मोजले. ते गोळा करणाऱ्यांच्या डोक्यात शिसे नव्हते, त्यांना फक्त प्रजाती हवी होती. पण तारीख आणि ठिकाण नीट लिहिलेले होते, म्हणून पेट्रोलमधून हवेत गेलेल्या शिशाचा मागोवा त्या पुड्यांतून घेता आला. चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघातानंतर उत्तर युरोपात शैवाकांनी किरणोत्सारी सीझियम शोषले, ते खाऊन रेनडिअरच्या मांसात गेले आणि सामी लोकांचे मांस टाकून द्यावे लागले. शैवाकात काय साठते हा प्रश्न असा शेवटी ताटापर्यंत येतो.

आपल्या ताटात तो मसाल्यातून येतो. घाबरण्याचे कारण नाही, मसाल्यातले प्रमाण चिमटीभर असते आणि पिढ्यान् पिढ्यांचा वापर आहे. आयुर्वेदातही शैलेय म्हणून ते आहे. पण जे शैवाक हवेतले धातू साठवतात तेच आपण वाळवून विकतो, हे लक्षात घेता ते कोणत्या जंगलातून, रस्त्यापासून किती अंतरावरून काढले हे विचारणे वावगे नाही. औषध म्हणून वापरताना तर नाव फारच महत्त्वाचे. उस्निया या दाढीसारख्या शैवाकात उस्निक आम्ल असते. ते जिवाणूंना मारते म्हणून त्याचे कौतुक आहे, आणि वजन घटवण्याच्या गोळ्यांत ते घातले गेले तेव्हा यकृत निकामी होण्याच्या घटना घडल्या, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये अशा एका उत्पादनाविरुद्ध इशारा दिला. आघारकर संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम घाटातल्या उस्निया घाटेन्सिस या प्रजातीची प्रयोगशाळेत वाढ करून तिचे जिवाणूरोधक आणि ऑक्सिडीकरणरोधक गुण तपासले. जंगल न ओरबाडता अभ्यास करण्याची ही वाट आहे. आणि त्या प्रयोगाला अर्थ आहे तो नमुन्याचे नाव पक्के होते म्हणून. ‘दगडफूल’ एवढ्या नावावर असा प्रयोग दुसऱ्या कुणाला करून पाहता येणार नाही.

येवला पैठणीचे गाव. रंग पक्का की कच्चा, हा प्रश्न इथे नवा नाही. युरोपात रोसेला नावाच्या शैवाकापासून शतकानुशतके जांभळा रंग काढत. तो कुजवण्यासाठी अमोनिया लागे आणि तो मिळण्याची सोपी जागा म्हणजे साठवलेले मूत्र. उन्हात मात्र हा रंग लवकर उडे. शाळेतला लिटमस कागदही याच कुळातून आला.

नाशिक जिल्ह्याच्या या पूर्वेकडच्या भागासाठी करण्याजोगे काम मोठ्या यंत्रांचे नाही. अनकाई-टंकाईचे उतार, ममदापूर-राजापूर परिसरातल्या माळावरची झाडे, नगर-मनमाड रस्त्याकडची जुनी वड-चिंच आणि रस्त्यापासून आत किलोमीटरभर असलेली त्याच जातीची झाडे, एवढ्या चार ठिकाणांच्या पुड्या भरल्या तरी सुरुवात होते. महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात भिंग, कॉस्टिक पोटॅश आणि ब्लीचिंग पावडर असतेच. रस्त्याकडचे झाड आणि आतले झाड एकाच दिवशी, एकाच उंचीवर, बुंध्याच्या एकाच बाजूला तपासायचे. ज्या प्रकाराचे नाव लागत नाही त्याची पुडी ‘अनिश्चित’ लिहून तशीच ठेवायची, अंदाजाने नाव चिकटवायचे नाही. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून एक स्थानिक कपाटात आणि दुसरा पुण्याच्या किंवा लखनौच्या संग्रहात गेला तर उत्तम. स्थानिक कपाटाला वाळवी लागते, प्राध्यापक निवृत्त होतात, खोली रंगकामासाठी रिकामी केली जाते. रस्ता रुंदीकरणात जी झाडे जाणार असतील त्यांच्या बुंध्यांची नोंद आधी करावी, कारण झाड पडल्यावर सालीवरचे सगळे काही आठवड्यांत सरपणात जाते.